डाव्या कोपऱ्यातला अंगठा

७ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बेटावरच्या वाऱ्याने तुझी तिसरी छत्री नेली, हे आईला वाचून दाखवलं. तिने डोळे मिटले आणि उघडले. हसली असावी असं मी धरून चालतो. झटका आल्याला आता दोन वर्षं होतील. डावा हात चालतो, बाकी सगळं तसंच. पूर्वी आपल्या दोघांना एक वाक्य पुरं करू द्यायची नाही, ती बाई आता दिवसभर समोरच्या भिंतीकडे बघते. भिंतीचा रंग मी दोनदा बदलला. तिला फरक पडला नाही.

डॉक्टर म्हणाले, तिच्या नजरेसमोर काहीतरी हलतं ठेवा. टीव्ही लावला तर तोंड फिरवते. तेव्हा मी ठरवलंय, तिच्या पलंगासमोर समुद्र आणायचा. हसू नकोस. खाऱ्या पाण्याची टाकी, चार फूट लांब, दोन फूट रुंद, वीस इंच उंच. आत जिवंत प्रवाळ आणि मासे. आणि कडांना चौकट नाही. वर पट्टी नाही, खाली पट्टी नाही, नुसती काचेला काच. पाणी हवेत उभं राहिल्यासारखं दिसलं पाहिजे. विकत मिळते, पण काचवाल्याच्या पोरांनी काचेची टाकी विकत आणली तर बाबा फोटोतून उतरून येतील.

बाबांच्या दुकानात तू अकरा वर्षं काढलीस, मी चार. शिवाय मी आता चष्म्याच्या दुकानात बसून रुपयाएवढ्या काचा घासतो. त्यामुळे तुझा सल्ला हवा. बाबांचं लाकडी कपाट काल सहा वर्षांनी उघडलं. काच कापायची हिरकणी, गुण्या, जोड भरायची सिलिकॉनची बंदूक, सगळं जिथल्या तिथे. वासही तोच.

एक काम कर. तुझ्या किनाऱ्यावरचे थोडे दगड पाठव, पाण्यातले. पुस्तकात त्यांना जिवंत दगड म्हणतात. त्यांच्या भोकाभोकांत बारीक जीव राहतात आणि तेच टाकीतलं पाणी शुद्ध ठेवतात. जमल्यास दगडांबरोबर तूही ये. आई दर गुरुवारी दाराकडे बघते. गुरुवारी तुमची लाँच सुटते हे तिला कोणी सांगितलं कुणास ठाऊक.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा,
भुंग्या


१५ जानेवारी

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

लाँच दोन तास थांबते, तेवढ्यात लिहिते आहे. तुझ्या डोक्यात एखादं खूळ शिरलं की ते बाहेर काढायला कुलूपवाला लागतो, हे बाबाच म्हणायचे. पण आईसाठी आहे म्हणून काही बोलत नाही. चौकट नसलेली टाकी म्हणजे सगळा भार जोडांवर, हे लक्षात ठेव. चौकट असली की ती चार चुका पोटात घालते. इथे पाणी तुझी एकेक चूक मोजणार. साडेतीनशे लिटर पाणी रात्रंदिवस बाहेर ढकलत असतं, ते एक क्षण दमत नाही.

काच बारा मिलिमीटरचीच घे. कडा घासून, स्पिरिटने पुसून घे, नंतर बोट लावू नकोस. पाचही काचा एका बैठकीत जोड. मध्ये चहाला उठलास तर जोडाला जोड लागतो आणि तिथेच दगा होतो. कडेला कागदी चिकटपट्टी लाव, सिलिकॉन भर, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट वरून खाली एकदाच फिरव आणि पट्टी ओली असतानाच ओढ. मग दहा दिवस टाकीकडे बघायचंसुद्धा नाही. व्हिनेगरसारखा वास पुरता गेला म्हणजे वाळलं. त्यानंतर आठवडाभर साधं पाणी भरून ठेव, आणि मगच मीठ. आणि काम करताना गुणगुणू नकोस. तू गुणगुणतोस तेव्हा तुझा हात सुराबरोबर हलतो.

दगड पाठवते. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, खोक्यात घालून. उशीर करू नकोस, आतले जीव मरतात.

येण्याचं म्हणशील तर दर तीन तासांनी वारा, दाब आणि लाटांची नोंद घ्यावी लागते. इथे हवामान केंद्रावर आम्ही दोघंच, मी आणि माझा सहकारी. त्याला थर्मामीटर आणि त्याची बिडी यांतला फरक कळायला अजून वर्ष लागेल. त्याच्यावर सोडून कशी येऊ? उन्हाळ्यात बघते. आईला माझा नमस्कार सांग आणि तिचा डावा हात माझ्या वतीने दाबून दे.

पत्राची वाट बघायला इथे वेळच वेळ आहे.
तुझी,
ताई


१ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

टाकी उभी राहिली. एका बैठकीत, सहा तास, चहा नाही, पाणी नाही. गुणगुणलो थोडा, खोटं कशाला सांगू. आई पलंगावरून बघत होती. तिला सांभाळायला दिवसा बाई येते, तीही कामं टाकून दारात उभी राहिली. शेवटची काच बसली तेव्हा माझे हात सिलिकॉनने इतके माखले होते की बाईने मला बशीतून चहा पाजला.

आता जे लिहितो ते नीट वाच. दहा दिवस मी खरंच तिकडे बघितलं नाही. वरून जुनी चादर टाकून ठेवली होती. परवा सकाळी चादर काढली. पलंगाकडून बघितलं तर मागचा डावा कोपरा, तळापासून चार बोटं वर, आतल्या बाजूला, जोडावर अंगठ्याचा ठसा आहे. मी तिथे बोट फिरवलं होतं, अंगठा नाही. पट्टी ओढल्यावर तो जोड मी दिव्याखाली बघितला होता, आरशासारखा होता. बाईचा अंगठा मी शाईत बुडवून कागदावर घेतला. तिला वाटलं मी घर तिच्या नावावर करतोय. तो जुळला नाही. माझाही जुळला नाही.

त्या ठशात एक तिरकी रेघ आहे, ताई. नखाच्या बाजूने खाली उतरलेली.

बाबांच्या उजव्या अंगठ्यावरची काचेची खूण मला आठवणार नाही का? तुला ती सकाळ आठवते? मी दुकानात लागून वर्ष झालं होतं. बाबांशी त्या आठवड्यात कडाक्याचं भांडण झालं होतं आणि मी दुकान सोडायच्या बेतात होतो. लवकर आलो तर तू आधीच आलेली, हातात पातं, समोर मी आदल्या दिवशी जोडलेलं शोकेस. कोपऱ्यात बाबांचा अंगठा उमटलेला. मी विचारलं हे काय, तर तू म्हणालीस की काम मनासारखं झालं की बाबा त्याच्यावर अंगठा ठेवतात, तोंडाने कधी बोलत नाहीत, हीच त्यांची शाबासकी. आणि पात्याने तेवढा तुकडा अलगद कापून तू मला दिलास. तो मी पेनच्या निबांच्या डबीत जपून ठेवलाय. त्या एका तुकड्यावर मी पुढची तीन वर्षं दुकानात टिकलो.

काल ती डबी चष्म्याच्या दुकानात नेली, आणि टाकीतल्या ठशावर कागद दाबून घेतलेली नक्कल. दोन्ही भिंगाखाली धरली. ताई, एकच अंगठा आहे. मला भीती वाटायला हवी होती. पण मी तिथे, गिऱ्हाईकासमोर, रडलो. गिऱ्हाईकाला वाटलं त्याचा नंबर फारच वाढलाय.

बाबा खूश आहेत. आता पाणी भरायला हरकत नाही. साध्या पाण्याचा आठवडा मी तीन दिवसांवर आणतोय. शाबासकी मिळाल्यावर परीक्षा कसली द्यायची?

दगड लवकर पाठव. माया राहू दे.
तुझा,
भुंग्या


५ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, एकदा वाऱ्यात आणि एकदा दार लावून.

अंगठ्याचं काही मनावर घेऊ नकोस. ओल्या सिलिकॉनवर काय उमटेल ते सांगता येत नाही. चादरीची घडी पडली असेल, कदाचित तुझाच अंगठा असेल. भिंगाखाली माणसाला हवं ते दिसतं, हे तुला दुकानात रोज कळत असेल.

पण दोन गोष्टी कळव. पहिली, सिलिकॉन कुठलं वापरलंस? दुसरी, कोपऱ्यात नख रुतवून बघितलंस का, दाबल्यावर परत वर येतं की नाही? आणि माझं पुढचं पत्र हाती पडेपर्यंत पाणी भरू नकोस. भरलं असशील तर अर्ध्यावर आण. ताई सांगते म्हणून ऐक, कारण विचारू नकोस.

दगडांचं खोकं याच लाँचने देते आहे. कबूल केलं होतं म्हणून पाठवते, नाहीतर या वेळी पाठवावंसं वाटत नव्हतं. चौदा दगड आहेत. एकात खेकडा लपलाय, मी बाहेर काढायचा प्रयत्न केला तर मलाच चावला. म्हणजे तो आपल्या घरात शोभेल.

आईला जप. तिचा पलंग भिंतीपाशी आहे तिथेच असू दे.

उत्तराची फार वाट बघते.
तुझी,
ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि खोकं एकाच दिवशी आलं, तेव्हा टाकी भरून आठवडा झाला होता. मीठ विरघळलं, खारेपणा बरोबर आला, खालच्या लहान टाकीत पंप ठेवला आहे, तो पाणी गाळून वर सोडतो. तुझे दगड आत रचले तेव्हा पाणी दोन दिवस गढूळ राहिलं, मग असं निवळलं की काच आहे हे विसरायला झालं. बाई पुसायला गेली आणि तिचा हात काचेवर आपटला. तुझा खेकडा बाहेर आला. दगडांतून आणखी काय काय निघालं: केसाएवढे किडे, एक इवला तारामासा, आणि एक जांभळा ठिपका. तो रोज थोडा पसरतो. गेल्या आठवड्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे सोडले.

आई बघते, ताई. दोन वर्षांनी ती कशाकडे तरी बघते आहे. डोळे माशांबरोबर फिरतात. म्हणून मी तिचा पलंग ओढून टाकीला लागूनच केला. आता तिचा डावा हात काचेला टेकतो. तू नको म्हणालीस, पण तू ते डोळे बघितले असतेस तर पलंग तू स्वतःच ओढला असतास.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. सिलिकॉन बाबांचं. कपाटात सात नळ्या होत्या, तोंडं बंद, एकही उघडलेली नव्हती. बाबांच्या हातच्या वस्तू असताना बाहेरून कशाला आणू? वास जायला जरा जास्त दिवस लागले, अजूनही जवळ गेलं की येतो. नख रुतवून बघितलं. वर यायला किंचित वेळ लागतो, पण येतं.

आणि शाबासकीचं म्हणशील तर एकावर थांबलेली नाही. सोमवारी सकाळी समोरच्या डाव्या कोपऱ्यात दुसरा ठसा सापडला. आज सकाळी उजव्या कोपऱ्यात तिसरा. तिन्ही पाण्याखाली, तिन्हींत ती तिरकी रेघ. पाणी भरायच्या दिवशी ते तिथे नव्हते हे मी शपथेवर सांगतो. मासे पहिल्या ठशाजवळ जात नाहीत. खाणं तिथे टाकलं तरी वीतभर अलीकडे थांबतात आणि तोंडं तिकडे करून पाण्यात नुसते उभे राहतात. खेकडाही त्या कोपऱ्यातून उठून विरुद्ध टोकाला जाऊन बसलाय.

आईचं एक सांगायचं राहिलं. ती आता डाव्या हाताचा अंगठा चादरीवर दाबते. दाबते, उचलते, बोटभर पुढे परत दाबते. सबंध दुपार. बाईला वाटतं तिला खाज येते. मला वाटतं तीही बाबांसारखी शाबासकी देते आहे. मी तिचा अंगठा माझ्या कपाळावर टेकवून घेतला, तर तिने हात झटकला आणि काचेकडे नेला.

बाबा हयात असताना त्यांनी मला एकदाच शाबासकी दिली. आता तीन. मी एवढा सुखात कधी नव्हतो, आणि तरी कोपऱ्याकडे पाठ करून बसवत नाही, हेही तुलाच सांगतो.

ये एकदा. जिव्हाळा असू दे.
तुझा,
भुंग्या


२६ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

आधी टाकी रिकामी कर. हे पत्र खाली ठेव, नळी लाव, आईचा पलंग ओढून आतल्या खोलीत ने, मग पुढचं वाच.

तुझं पत्र हातात पडल्यावर पंधरा मिनिटांत मी बिनतारी यंत्रावर बसले. त्यावर आम्हाला फक्त आकडे सांगायची परवानगी आहे, वारा अमुक, दाब तमुक. तरी किनाऱ्यावरच्या कचेरीतल्या माणसाला मी हातापाया पडून सांगितलं की तुझ्या चष्म्याच्या दुकानात फोन कर आणि एवढंच सांग, टाकी रिकामी कर. तो हसला. पण करतो म्हणाला. तुला निरोप मिळाला असेल आणि तू ऐकलं असशील अशी आशा आहे.

आता ऐक. अंगठा ही शाबासकी नव्हती. मी खोटं बोलले होते.

बाबा संध्याकाळी दुकान बंद करताना प्रत्येक नव्या जोडावरून हात फिरवायचे. जो जोड टिकणार नाही असं वाटे, त्यात अंगठा रुतवायचे आणि घरी जायचे. एक शब्द नाही. सकाळी आलेल्याने ठसा बघायचा आणि समजायचं: काढ, परत कर. माझ्या पहिल्या दोन वर्षांत माझं एकही काम अंगठ्यावाचून सुटलं नाही. आईला हे ठाऊक होतं. मी घरी येऊन तिच्याजवळच रडायची.

तू दुकानात आलास तेव्हा तुझ्या जवळजवळ प्रत्येक जोडावर अंगठा असायचा. तू वाईट कारागीर नव्हतास, तू गुणगुणायचास. मी रोज तुझ्याआधी तासभर यायची, तुझे जोड काढून परत करायची आणि तू आलास की झाडत बसायची. त्या सकाळी तू लवकर आलास. माझ्या हातात पातं होतं, ते तुझा जोड काढण्यासाठी होतं. तुझा चेहरा बघितला आणि तोंडातून शाबासकी हा शब्द निघाला. तू जाऊ नयेस एवढंच मला हवं होतं. मग तू तो तुकडा मागितलास, आणि मी दिला. गेल्या पत्रात तुला खरं सांगायला हवं होतं. लेखणी तिथपर्यंत आली आणि वळली. त्याची लाज माझ्याजवळच राहू दे.

नळ्यांचंही तसंच. सिलिकॉन नवं आण, हे लिहायचं राहिलं, कारण ते काचवाल्याच्या मुलाला सांगावं लागेल असं वाटलं नाही. सहा वर्षं पडलेली नळी वरून सुकते, आत कधीच धरत नाही.

ते ठसे कोणाचे, याचा विचार मी करत नाही. करायला लागले तर हा दिवा मालवता येणार नाही. मी कारागिरासारखा विचार करते. महिना झाल्यावरही ज्या जोडावर अंगठा उमटतो, तो जोड वाळलेला नाही. मग अंगठा बाबांचा असो की बाईचा. तीन कोपरे झाले. चौथ्याची वाट बघू नकोस. आणि आई चादरीवर काय दाबते आहे, ते आता तुला कळलं असेल.

माझ्यावर हवा तेवढा राग धर, पण पाणी काढ.
तुझी,
ताई


४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आई सुखरूप आहे. हे आधी लिहितो, म्हणजे तू पुढचं वाचू शकशील.

तुझा निरोप मला शुक्रवारी दुकानात मिळाला. फोनवर कोणी अनोळखी माणूस हसत म्हणाला, तुमची बहीण म्हणते टाकी रिकामी करा. मला वाटलं तुझी गंमत. नंतर वाटलं गंमत नसेल, पण एवढं पाणी काढायचं तर सुट्टी हवी, रविवारी करू. आई त्या दिवशी माशांकडे बघून हसली होती, ताई. डोळे मिटून नाही, ओठांनी. तो रविवार पुढे ढकलता आला तर बघू, असंसुद्धा मनात आलं. हे तुझ्यापासून लपवून काय करू?

शनिवारी दुपारी तीनला टाकी सुटली. बाई दहा मिनिटांसाठी खाली औषध आणायला गेली होती. ती जिन्यात असताना पाणी पायऱ्यांवरून तिच्यासमोर उतरत आलं. तिने मला फोन केला आणि नुसतं पाणी, पाणी म्हणत राहिली. मी पोचलो तर खोलीत घोटाभर पाणी, दगड पलंगाखाली, समोरची अख्खी काच पलंगावर आडवी पडलेली. जिथे आईच्या मांड्या असतात, तिथे. काच फुटलेली नाही, ताई. पाचही काचा शाबूत आहेत, एकीला चरासुद्धा नाही. नुसते जोड सोलून निघाले, उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखे.

पलंगावर आई नव्हती.

ती आतल्या खोलीत खुर्चीवर बसलेली होती. दोन वर्षांत ती आपणहून उठून बसलेली नाही, हे तुला ठाऊक आहे. तिला खुर्चीत ठेवायला बाई आणि मी, दोघं लागतो. अंगावर शाल होती, आणि पाय कोरडे होते. बाई देवाची शपथ घेऊन सांगते की तिने आईला पलंगावर ठेवून दार बाहेरून ओढलं होतं. मी आईला विचारलं, तुला कोणी आणलं? तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे दाराकडे बघितलं, आणि मला वळून बघायचं धैर्य झालं नाही. बाईने संध्याकाळीच काम सोडलं.

एक मासा मेला. दुसरा खालच्या लहान टाकीत उतरला होता, तो जिवंत आहे. तुझा खेकडा माझ्या चपलेत सापडला.

काल तुझं पत्र आलं. रागवायला बसलो होतो, जमलं नाही. चार वर्षं तू रोज तासभर आधी उठत होतीस आणि मी तुला आळशी म्हणायचो, कारण मी यायचो तेव्हा तू नुसती झाडत असायचीस. डबी उघडली, तो तुकडा फेकून द्यावा म्हणून. ताई, त्याच्यावर आता काही नाही. सपाट आहे. भिंगाखालीही बघितला. सोललेल्या जोडांवर मात्र चार ठसे आहेत. चौथा त्या दिवशी सकाळपर्यंत नव्हता.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहितोय ते. आज आईला अंघोळ घालताना तिच्या डाव्या दंडावर, आतल्या बाजूला, काळानिळा डाग दिसला. अंगठ्याएवढा. कोणी धरून उचललं तर पडेल तसा. त्याच्यात तिरकी रेघ आहे.

परवापर्यंत मी म्हटलं असतं, बाबांनी तिला वाचवलं, आणि पेढ्याएवढा गोड होऊन झोपलो असतो. पण आता तू मला अंगठ्याचा अर्थ सांगितला आहेस. म्हणून विचारतो. आईच्या अंगावरचा ठसा कसला? या वेळी शाबासकी म्हणू नकोस. जे असेल ते लिही.

मी दुकानातून रजा घेतली आहे. तिच्याजवळच बसून असतो. गुणगुणतो, ते तिला चालतं.

तुझ्या एका शब्दाची वाट बघणारा,
भुंग्या


१२ मार्च, लाँचवरून

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

अक्षर हलतंय, कारण लाँच हलते आहे. तुझं पत्र धक्क्यावर उभ्या उभ्या वाचलं, वर गेले, नोंदवही सहकाऱ्याच्या हातात दिली, थर्मामीटरने बिडी पेटवू नकोस एवढं सांगितलं आणि परत खाली उतरले. किनाऱ्यावरून टपालाची गाडी आज संध्याकाळी सुटते, माझी उद्या सकाळी. एरवी टपाल चार-पाच दिवस रेंगाळतं, पण हे मी गाडीवाल्याच्याच हातात देते आहे, तो थेट घरी टाकेल. म्हणजे हे पत्र माझ्याआधी अर्धा दिवस पोचेल. तेवढा अर्धा दिवस आईला हवा, म्हणून लिहिते.

तू खरं विचारलंस, खरंच लिहिते. बाबांनी अंगठा ठेवलेला एकही जोड पुढे टिकला नाही. त्यांचा हात कधी चुकला नाही. आईच्या दंडावरच्या ठशाचा अर्थ मला तोच लागतो, आणि दुसरा कुठला लावायचा प्रयत्न मी सकाळपासून करते आहे.

पण अंगठ्याबद्दल अर्धंच सांगितलं होतं, ते पुरं करते. बाबांनी स्वतःच्या हाताने कोणाचा जोड कधी मोडला नाही. ठेवला अंगठा आणि गेले घरी. मोडायचं ते सकाळी, ज्याचं काम त्याने. रात्रीचा वेळ ते नेहमी आपल्याला देत. मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं तो अपमान आहे. आता वाटतं, ती मुदत होती. हे टिकणार नाही, पण आज नाही, तू येईपर्यंत मी याला हात लावणार नाही, असं ते सांगत असत. पाण्यातून त्यांनी तिला उचललं, ते त्यासाठीच उचललं असेल.

दोन वर्षं मी आले नाही, त्याला नोंदी कारण नव्हत्या. आई बोलत नाही हे ऐकलं आणि मी घाबरले. माझं वाक्य मध्येच तोडणारी आई आता माझं वाक्य पुरं होऊ देईल, हे मला बघवणार नव्हतं. तुझे सगळे जोड मी तासभर आधी येऊन नीट करत राहिले आणि आईशी असलेला हा एकच जोड माझा होता, तो तुझ्यावर सोडला. तू मला एकदाही बोलला नाहीस. मीच आता बोलून घेते.

तिला एवढंच सांग की ताई निघाली आहे, उद्या दुपारी पोचते. हळू सांग, डाव्या बाजूने. दंडाला तेल लावू नकोस, चोळू नकोस, राहू दे. काचा भिंतीला उभ्या करून ठेव. चांगल्या आहेत म्हणतोस, तर जोड नव्याने भरू, दोघं मिळून, नव्या नळ्यांनी. तो एक मासा किती दिवस त्या लहान टाकीत काढेल? आईला परत बघायला मिळालं तर बघेल.

आणखी एक. तुझ्या पाकिटावर, जिथे डिंक लावून बंद केलंस तिथे, अंगठा उमटलाय. तुझाच असणार. पत्रं तूच बंद करतोस. माझ्याजवळ नकाशा बघायचं भिंग आहे, पण ते मी पिशवीतून काढलेलं नाही आणि काढणारही नाही. पाकीट पोलक्याच्या आत ठेवलं आहे.

दार ओढून घेऊ नकोस, मी येतेच आहे.
तुझी,
ताई